शेळीचा परिच्छेद

कारखान्यात माझं काम तयार माल तपासण्याचं. सत्तावीस वर्षं तेच करतो आहे. खोक्यातले शंभर नग अगदी एका मापाचे निघाले की बाकीच्यांना आनंद होतो, मला होत नाही. माप इतकं सारखं येतं तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी न मोजताच आकडा लिहिलेला असतो. ही सवय घरीही सुटत नाही. बायको म्हणते, "तुम्ही दूधवाल्याच्या मापट्यात वाकून बघता. एक दिवस म्हैसच दार वाजवून जाब विचारेल."

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, बायको तिच्या ऑफिसात, आणि गुरुवार मोकळा पडला. त्याच सुमारास सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप आला: आठवड्यातून एक तास द्या, महापालिकेच्या शाळेतल्या मुलांबरोबर वाचा. खाली पिवळ्या टीशर्टातल्या हसऱ्या लोकांचा फोटो. इतक्या लोकांना एकाच वेळी इतकं हसू कशाचं आलं, हा माझा पहिला प्रश्न होता. तरी फोन केला. संस्थेची समन्वयक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती, बोलायला गोड.

"मागच्या वर्षी किती मुलं वाचायला लागली?" मी विचारलं.

"सर, इम्पॅक्ट खूपच छान होता."

"छान म्हणजे किती?"

"सर, तुम्ही या तर. मुलांची एनर्जी बघा, मग बोलू."

आकडा काही मिळाला नाही. तो नंतर तिने पाठवला, पण टक्क्यांत. टक्के कशाचे हे त्यात नव्हतं.

शाळा बिबवेवाडीतच, आमच्या घरापासून चालत बारा मिनिटं. सकाळची शाळा साडेबाराला सुटायची आणि चौथीतल्या चौदा मुलांना त्यानंतर तासभर मागे ठेवायचं, असं ठरलं होतं. चौथीच्या वर्गशिक्षिका पन्नाशी ओलांडलेल्या. मुलं आणि मुख्याध्यापक त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती गुरुवार टिकणार आहात?"

"वर्षभर यायचा विचार आहे."

"मागचे गृहस्थ तीन टिकले. त्यांच्या आधीच्या मॅडम दोन. फोटो मात्र दोघांचेही सुरेख आले."

त्यांनी गटाचा नियम सांगितला. चाचणीत साठ शब्दांचा एक परिच्छेद असतो. मिनिटाला चाळीस शब्द वाचता आले तर ते मूल 'वाचक' ठरतं. वाचक झालं की गटातून नाव निघतं आणि जागेसाठी थांबलेल्या पाचांपैकी एक आत येतं. जागा चौदाच. जुलैतल्या पहिल्या चाचणीत, जी त्या समन्वयक मुलीनेच मुख्याध्यापकांच्या खोलीत एकेकाला बोलावून घेतली होती, चौदापैकी कोणीही पंधराच्या वर गेलं नव्हतं.

हजेरीपटाप्रमाणे यादीत आधी सात मुलगे, मग सात मुली. चौदावी, म्हणजे शेवटची, एक बारीक, तरतरीत मुलगी होती. आईवडील यवतमाळकडून आलेले, आई एका आयटी कंपनीत साफसफाईला जायची. या मुलीला अक्षरं सगळी येत, पण जोडून शब्द करताना ती अडखळे, आणि अडखळलं की लगेच दुसरंच काहीतरी बोलून वेळ मारून नेई. "काका, तुमच्या स्कूटरचा नंबर सांगू?" आणि ती सांगायची, बरोबर. माझ्या डब्यातल्या मागच्या गुरुवारच्या भाजीचं नावही सांगायची. लक्षात ठेवणं तिला इतकं सोपं जात होतं की वाचायची तिला गरजच वाटत नसावी. जुलैत तिचे शब्द होते सात.

मी टिकलो. पावसाळाभर आम्ही मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं वाचली, बोट ठेवून, एकेक ओळ. दर गुरुवारी वहीत टाचण ठेवायचो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्या अंदाजाने ती अठरा-वीसपर्यंत आली होती. हळू चाललं होतं, पण ते मला खरं वाटत होतं.

सुट्टीनंतर दुसरी चाचणी होती. समन्वयक मुलीला त्या दिवशी येरवड्याच्या शाळेत जायचं होतं, म्हणून चाचणी मीच घ्यायची असं ठरलं. परिच्छेदाचे कागद तिने आठवडाभर आधी पाकिटात घालून बाईंकडे दिले होते. बाईंनी कपाटातून पाकीट काढून माझ्या हातात दिलं, तेव्हा ते उघडं होतं. चिकटवलेलंच नव्हतं की फोडलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत लसीकरणाच्या नर्सबाई बसल्या होत्या. मग व्हरांड्यातच एक खुर्ची आणि एक बाक टाकला. मुलांना हजेरीच्या क्रमाने भिंतीला टेकून बसवलं आणि एकेकाला बाकावर बोलावत गेलो. परिच्छेद शेळीचा होता. डोंगराच्या पायथ्याशी एक शेळी आणि तिची दोन करडं राहतात, पाणी शोधायला निघतात, वगैरे. सूचनापत्रात लिहिलं होतं की मिनिट संपल्यावर तोच परिच्छेद मुलाला एकदा नीट वाचून दाखवावा, म्हणजे त्याचा हिरमोड होत नाही. ते मला पटलं होतं. मी प्रत्येकाला सावकाश, खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

पहिल्या मुलाचे शब्द नऊ. दुसऱ्याचे अकरा. सहाव्याचे एक्केचाळीस, तेव्हा मी चष्मा पुसला. मुली सुरू झाल्यावर तर आकडे पन्नासकडे गेले. बारा नंबरची मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती. शेवटी चौदावी बाकावर बसली, कागद मांडीवर घेतला आणि साठच्या साठ शब्द अठ्ठेचाळीस सेकंदांत म्हणून मोकळी झाली. मधे एकदा 'आणि'पाशी थांबली, तेवढंच.

"आलं ना काका?" ती म्हणाली.

"आलं," मी म्हणालो आणि आकडा लिहिला.

तेरापैकी आठ वाचक. सुट्टी धरून पाच महिन्यांत. समन्वयक मुलीला आकडे पाठवले, तर तिच्याकडून तीन फुलं आणि एक टाळ्या वाजवणारा हात आला. मागोमाग तिने लिहिलं, "सर, मुलींची प्रगती मुलांपेक्षा किती जास्त आहे बघा! हे रिपोर्टमध्ये हायलाइट करते."

मला मात्र उघडं पाकीट दिसत होतं.

पुढच्या गुरुवारी मी दोन गोष्टी केल्या. आधीच्या वेळी न आलेल्या बारा नंबरच्या मुलीची चाचणी घेतली. तेरा शब्द. बाकीच्या मुली पन्नास-साठ आणि ही तेरा! मग चौदा नंबरच्या मुलीला शेळीचा कागद परत दिला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आज इथून वाच."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ओठ न हलवता, पुटपुटल्यासारखं, पहिल्यापासून सुरू केलं. पहिली ओळ संपवली, दुसरी संपवली आणि तिसरीपाशी पोचल्यावर आवाज मोठा केला.

"हे तुझ्याकडून कोणी पाठ करून घेतलं?"

"कोणी नाही. मला येतंच."

"बाईंनी घेतलं?"

"बाई कशाला घेतील? बाईंना कविताच घ्यायला वेळ नाही."

पोर खोटं बोलते आहे, असं मी धरून चाललो. तिला तसं सांगितलेलं असणार. पाकीट बाईंच्या कपाटात आठवडाभर होतं. आठवडाभर पाठांतर झालं. बारा नंबरची मुलगी तेव्हा आली नसणार, म्हणून ती राहिली. सगळं जुळत होतं. वर्गाचा निकाल चांगला दिसला की शिक्षकाचं नाव होतं, आणि ज्यांचं नाव होतं त्यांच्यावरच मी सत्तावीस वर्षं नजर ठेवत आलो आहे.

समन्वयक मुलीला फोन केला. "सर, प्लीज," ती म्हणाली, "शाळेशी रिलेशन खराब नको. आणि रिपोर्ट गेलासुद्धा."

तिसऱ्या गुरुवारी आठ मुलांना रंगीत प्रमाणपत्रं वाटली गेली आणि त्यांची नावं गटातून निघाली. थांबलेली पाच आणि दुसऱ्या तुकडीतली तीन आत आली. चौदा नंबरची प्रमाणपत्र छातीशी धरून फाटकाकडे पळाली. आता तिला मागे थांबायचं नव्हतं. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ही मुलगी सहा महिन्यांनी पाचवीत जाईल, तिच्या नावापुढे 'वाचक' असेल, आणि तिला वाचता येत नाही अशी शंकासुद्धा पुन्हा कोणाला येणार नाही. तिची स्मरणशक्ती तिला अजून दोन-तीन वर्षं झाकून नेईल. त्यानंतर पुस्तकं जाड होतील.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेलो आणि पाठांतराबद्दलचा माझा संशय सांगितला. बाईंचं नाव घेतलं. ते सज्जन गृहस्थ, त्यांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "तुम्ही बोललात म्हणजे मला लेखी खुलासा मागवावा लागेल."

"मागवा," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी वाण्याच्या दुकानात एका बाईने मला थांबवलं. कंपनीचा निळा ॲप्रन अजून अंगावर होता. चौदा नंबरच्या मुलीची आई.

"तुम्हीच ना जी ते गुरुवारवाले? माही पोरगी सांगते तुमचं. कागद लॅमिनेशन करून आणला मी. आमच्या घरात पहिलाच कागद आहे तसा, नाव छापलेला." मग म्हणाली, "आता तिले चांगलं वाचता येते ना?"

मी म्हणालो, "हुशार आहे पोरगी." ते खरं होतं, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

"बरं झालं. आता गुरुवारी घरी येते वेळेवर. धाकटीले बालवाडीतून आणते. मले शेजारणीले विनवणी करावी लागे."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे पोरीचं वाचणं गेलं, बाईंची अब्रू गेली, आणि तुमचा संशय तेवढा जागच्या जागी आहे."

चौथ्या गुरुवारी मी शाळेत पोचलो तर बाई व्हरांड्यातच उभ्या होत्या. हातात हजेरीपट.

"या. तुमचीच वाट बघत होते. खुलासा लिहायचाय मला. पण म्हटलं, आधी तपासनिसांना विचारावं, काय काय लिहायचं ते."

मी म्हणालो, "बाई, माझा व्यक्तिगत..."

"अहो, व्यक्तिगत राहू दे. हे बघा." त्यांनी पट उघडून माझ्यासमोर धरला. "तुमची बारा नंबर. चाचणीच्या आधीचा आठवडा. सोमवार हजर, मंगळवार हजर, बुधवार हजर. गैरहजर फक्त गुरुवारी, आणि तेही ताप होता म्हणून. मी आठवडाभर पाठ करून घेतलं म्हणता ना? मग ही समोर बसलेली असताना हिच्या एकटीच्या कानात मी कापूस घातला होता का?"

मी पट हातात घेतला. बोट ठेवून तिच्या ओळीवरून गेलो. सोमवार, मंगळवार, बुधवार. चुकीला जागा नव्हती.

"आणि पाकीट?"

"तुमच्या त्या पिवळ्या टीशर्टातल्या मुलीने उघडंच दिलं. डिंक नव्हता तिच्याकडे. विचारा तिला." मग बाई जरा हळू आवाजात म्हणाल्या, "चाचणी तुम्ही घेत होता तेव्हा मी आत वह्या तपासत होते. खिडकी उघडी होती. ती पोर शेळीचं म्हणते तेव्हा 'शेळी आणि' म्हणून थांबते, मग 'तिची दोन करडं'. आमच्या वर्गात असं कोणी थांबत नाही. मी नाही थांबत. असं थांबता तुम्ही."

मी खाली बाकावर बसलो.

कारखान्यात मापं सांगायची असतात तेव्हा लिहिणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून मी 'आणि'नंतर थांबतो. इतक्या वर्षांत ती सवय बोलण्यातही आली आहे. व्हरांडा माझ्या डोळ्यांसमोर आला: भिंतीला टेकून बसलेली रांग, दोन हातांवर बाक, आणि मी, खणखणीत आवाजात, प्रत्येकाला तोच परिच्छेद पुन्हा वाचून दाखवणारा. पहिल्या मुलाने तो एकदाही ऐकला नव्हता. सहाव्याने पाच वेळा ऐकला होता. आणि चौदावीने बारा वेळा, स्पष्ट उच्चारांत, थांब्यांसकट. वही काढून आकडे क्रमाने लावले. नऊ, अकरा, सोळा, चोवीस, तेहेतीस, एक्केचाळीस, असे पायऱ्यांसारखे चढत गेलेले. मुलींची प्रगती जास्त नव्हती. हजेरीपटात मुली नंतर होत्या.

कामावर नव्या पोरांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही, की आकडे विचित्र आले तर कामगाराकडे जायच्या आधी आपलं मोजायचं साधन तपासा. मी मात्र पाकिटावर संशय घेतला, बाईंवर घेतला, नऊ वर्षांच्या मुलीच्या सरळ उत्तरावर घेतला. तिला कोणीच पाठ करायला लावलं नव्हतं, आणि तसं ती म्हणालीही होती. तिने ऐकलं होतं, एवढंच.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "माफ करा."

"लेखी द्या," बाई म्हणाल्या.

दिलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर बसून पाऊण पान लिहिलं: चाचणी चुकीच्या पद्धतीने घेतली, चूक माझी, वर्गशिक्षिकांचा काही संबंध नाही, आठही निकाल रद्द समजावेत. समन्वयक मुलीला फोन करून तेच सांगितलं. ती म्हणाली, "सर, ते मुलींचं हायलाइट केलेलं सगळ्यांना फार आवडलं होतं."

"मग आता काढा."

"सर, असं निगेटिव्ह अपडेट आम्ही कधी पाठवलेलंच नाहीये."

"मग पहिलंच पाठवा," मी म्हणालो. तिने पाठवलं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

जागांचा प्रश्न उरला. नवी आठ मुलं गटात आली होती, त्यांना बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. मी दुसरा तास घ्यायचं ठरवलं, दीड ते अडीच. बाईंनी व्हरांड्यालगतचा वर्ग उघडा ठेवायचं कबूल केलं. "टिकाल असं दिसतंय," एवढंच म्हणाल्या.

मुलीच्या आईकडे मी स्वतः गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी ते लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. काय झालं ते मी सरळ सांगितलं. ती ऐकत होती आणि माझ्याकडे न बघता प्रमाणपत्राकडे बघत होती. मुलगी दाराशी उभी होती.

"म्हणजे पोरगी नापास?" आई म्हणाली.

"नाही. चाचणी नापास. मी घेतलेली."

"मंग हा कागद खोटा काऊन दिला जी?"

मी म्हणालो, "चुकून दिला. परत मागत नाही. पण तिला गुरुवारी पाठवा. धाकटीला घेऊन आली तरी चालेल." आईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मुलगी मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की ती मला ओळखीची वाटली. वाण्याने भाव सांगितल्यावर मी त्याच्याकडे तसाच पाहतो.

पुढच्या गुरुवारी आठही मुलांची चाचणी पुन्हा घेतली. या वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार लावून, प्रत्येकाला वेगळं पान. कोणालाच काही वाचून दाखवलं नाही. सहाव्या नंबरचा मुलगा आणि एक मुलगी खरोखरच चाळीसच्या पुढे गेली. पाचजण गेली नाहीत. आठवी ती, चौदा नंबरची. दोन वाजून गेले तरी आली नव्हती. मी कागद आवरायला लागलो आणि दारात चपला वाजल्या. धाकट्या बहिणीला तिने बाहेर बाईंपाशी बसवलं होतं.

ती आत आली, पण बसली नाही.

"पान तुम्ही नाही काढायचं," ती म्हणाली. "मी काढणार."

"काढ."

शेल्फावरचं पुस्तक तिने स्वतः निवडलं, मधूनच उघडलं आणि डोळे मिटून बोट ठेवलं. मग बसली. मी घड्याळ लावलं. ती वाचू लागली. अक्षर, अक्षर, शब्द. एका जोडाक्षरापाशी इतकी थांबली की स्कूटरच्या नंबराकडे वळणार असं मला वाटलं. वळली नाही. आवाज न करता तोंड हलवलं, चुकली, परत मागे गेली, आणि तो शब्द बाहेर काढला. मिनिट संपलं तेव्हा तिच्या ओठांवर घाम आला होता.

"किती?"

"तेवीस," मी म्हणालो आणि लिहिलं.

"मोजून दाखवा."

मी पेन्सिलीच्या टोकाने पानावरचे शब्द मोजू लागलो. तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतःच्या बोटाने पहिल्यापासून मोजलं, ओठ हलवत, एकेक शब्द दाबून. शेवटच्या शब्दापाशी बोट थांबलं.

"बावीस," ती म्हणाली. "हा तुम्ही दोनदा धरला."

मी पुन्हा मोजलं. बावीसच होते. मी तेवीसवर काट मारली, शेजारी बावीस लिहिलं, आणि वही तिच्याकडे फिरवली. तिने ते नीट पाहून घेतलं. मग विचारलं, "आता हेच पुस्तक पुढे वाचायचं, की दुसरं देणार?"